भरलेलं कपाट आणि कोरडा नळ: चार दिवस अडकलेल्या एका घराच्या साठ्याचा अभ्यास

पाच माणसांचं घर, चौथा मजला. नवरा-बायको, नववीतली मुलगी, आठ महिन्यांचं बाळ आणि इन्सुलिनवर असलेले आजोबा. वादळात वीज जाते, रस्ते बंद होतात आणि चार दिवस बाहेरून काहीही येत नाही.

हे घर मी अभ्यासासाठी मांडलं आहे, ही कुणा एका कुटुंबाची हकीकत नाही. अडचणी मात्र सगळ्या खऱ्या आहेत. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळ आटतो, नळ आटला की स्वयंपाक अडतो. जिथे पाणी पंपाने चढतं आणि स्वयंपाक विजेवर होतो, तिथे हा क्रम बदलत नाही. तो एकाच घरात पहिल्या रात्रीपासून शेवटपर्यंत चालवून बघितला की साठ्याबद्दलच्या आपल्या पुष्कळ समजुती तपासून निघतात. काय काय घेऊन ठेवायचं याच्या याद्या भरपूर मिळतात. घेतलेली वस्तू वापरायला आणखी काय लागतं ते त्यांत क्वचितच असतं, आणि घरं अडतात ती तिथेच.

कागदावरचे सोळा दिवस

हे घर बेफिकीर नव्हतं. २५ किलो धान्याचं पोतं, सहा किलो डाळी आणि कडधान्यं, पाच लिटर तेल, साखर, मीठ, डझनभर डबाबंद पदार्थ, बाळासाठी दुधाच्या पावडरीचे दोन डबे, पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा एक कॅन, दोन टॉर्च, मेणबत्त्या, १०,००० एमएएचची पॉवर बँक. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर. सहलीसाठी घेतलेली छोटी गॅस शेगडी माळ्यावर होती, तिच्यासोबत २३० ग्रॅमचं एक कार्ट्रिज, म्हणजे गॅसचा छोटा डबा. आजोबांची महिनाभराची इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये.

आता हिशेब. किलोभर धान्यात साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात, म्हणजे पोत्यात ८७,५००. डाळींच्या वीस हजार, तेलाच्या चाळीस हजार धरा. पाच जणांच्या या घराला, त्यातलं एक तान्हं, दिवसाला नऊ हजारांच्या आसपास लागतात. कपाटात सोळा दिवसांचं अन्न आहे! कुणालाही निर्धास्त वाटेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या घरातली चूल बंद पडली.

मला या प्रकरणात एवढंच दाखवायचं आहे की साठा किलोंत मोजून काही कळत नाही. धान्याला पाणी लागतं आणि आग लागते. दूध पावडरीला उकळलेलं पाणी लागतं. इन्सुलिनला थंडावा लागतो. ज्या गोष्टीवर बाकीच्या अवलंबून आहेत ती जितके दिवस पुरेल, तितक्याच दिवसांचा तुमचा साठा. या घरात ती गोष्ट पाणी होती, आणि तिच्या मागोमाग इंधन.

पहिली रात्र

वीज रात्री नऊच्या सुमारास गेली. सगळ्यांनी टॉर्च शोधले, फोन बघितले, शेजाऱ्यांकडे चौकशी केली आणि झोपले. नळाला तेव्हा पाणी होतं. गच्चीवरची टाकी भरलेली होती, ते पाणी आपोआप खाली येत होतं, त्यामुळे काही बिघडलंय असं कुणाला वाटलंच नाही.

साध्या फ्लशला एका वेळी सहा लिटर पाणी जातं, जुन्या टाक्यांना नऊ किंवा त्याहून जास्त. चार माणसांचे दिवसाचे वीस-पंचवीस फ्लश धरले तर नुसत्या संडासात सव्वाशे-दीडशे लिटर जातात. इमारतीतल्या प्रत्येक घरात तेच चालू होतं. पंप बंद, टाकी सामायिक. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ खरखरला आणि थांबला.

वीज गेल्यानंतरचा पहिला अर्धा तास हाच या चार दिवसांतला सगळ्यात मोलाचा वेळ होता. बादल्या, पातेली, कुकर, डबे, रिकाम्या बाटल्या, बाळाचं अंघोळीचं टब, जे हाताला लागेल ते तेव्हाच भरलं असतं तर दीडशे लिटर पाणी सहज घरात आलं असतं. सामायिक टाकीतलं पाणी आपण भरून घेतलं तर इतरांना कमी पडेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगणं: पंप बंद आहे, फ्लश वापरू नका, प्यायचं पाणी भरून घ्या. फ्लशमध्ये जाणारं पाणी वाचलं तर त्याच टाकीत पूर्ण इमारतीला दोन-तीन दिवस प्यायला पुरण्याची शक्यता असते.

एक पाणी तर घरातच होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. गिझर. साठवणीच्या गिझरमध्ये पंधरा-पंचवीस लिटर पाणी असतं आणि नळ आटला तरी ते बहुधा आतच राहतं. त्याचा विजेचा खटका आधी बंद करायचा, कारण टाकी रिकामी असताना वीज आली तर आतली कॉइल जळते. पाणी निवू द्यायचं आणि मग खालच्या बाजूने काढायचं. पिण्यासाठी वापरायचं तर उकळून. तळाला गाळ असेल तर ते हातपाय धुवायला.

२० लिटर किती दिवस?

माणशी किती पाणी ठेवावं याचे आकडे देशोदेशी वेगळे आहेत, आणि त्यामुळे माणसं गोंधळतात. अमेरिकेतल्या सरकारी संस्था माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर सांगतात. जर्मनीतली नागरी संरक्षण यंत्रणा दोन लिटर सांगते. मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांत साडेसात ते पंधरा लिटर येतात. यातला कुठलाच आकडा चूक नाही. जर्मन आकडा फक्त पिण्याचा आणि शिजवण्याचा आहे, अमेरिकी आकड्यात थोडी स्वच्छता धरलेली आहे, आणि स्फिअरचा आकडा अंग आणि भांडी धुण्यासकट जगायला किमान काय लागतं ते सांगतो.

मी घरासाठी माणशी चार लिटर धरतो. या घराला त्या हिशेबाने रोज वीस लिटर लागतात. म्हणजे तो एकुलता एक कॅन एका दिवसाचा. अगदी ताणून, घसा ओला करण्यापुरतं प्यायलं तर दोन दिवसांचा. पण ताणायचं कुणी? अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं लवकर कळतच नाही. पाण्याची बचत पिण्यात करायची नसते. ती भांड्यांत, अंघोळीत आणि फ्लशमध्ये करायची असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंनी गच्चीवर साचलेलं पावसाचं बादलीभर पाणी आणून दिलं. ते गढूळ होतं. अशा पाण्याची रीत ठरलेली आहे: आधी निवळू द्यायचं, स्वच्छ दाट कापडातून गाळायचं आणि मग खळखळून उकळायचं. उकळी फुटल्यावर एक मिनिट, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर साधा, विनासुगंधी, पाच ते सहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा ब्लीच चालतो. स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन थेंब, गढुळाला दुप्पट, ढवळून अर्धा तास ठेवायचं. शेवटी क्लोरीनचा मंद वास यायला हवा. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी पंधरा मिनिटं थांबायचं. बाटली वर्षभराहून जुनी असेल तर तिचा जोर उतरलेला असतो, तिच्यावर विसंबू नये. आणि पाण्यात तेल, इंधन किंवा रसायन मिसळल्याची शंका असेल तर उकळून किंवा ब्लीच टाकून ते पिण्याजोगं होत नाही.

कार्ट्रिज कुठे गेलं

ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण इंधनाचा हिशेब जवळजवळ कुणीच करत नाही.

लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. उघड्या छोट्या शेगडीची अर्धी उष्णता भांड्याला लागते, उरलेली आजूबाजूला जाते. एक किलो गॅसमधून सुमारे ४६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एक लिटर उकळायला जवळपास १४ ग्रॅम गॅस. २३० ग्रॅमच्या कार्ट्रिजमध्ये सोळा लिटर पाणी उकळेल, आणि दुसरं काहीच शिजणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने काळजीपोटी कॅनमधलं पाच लिटर पाणी उकळून घेतलं. ते आधीच स्वच्छ, बंद कॅनमधलं होतं. सत्तर ग्रॅम गॅस गेला. मग न भिजवलेलं कडधान्य शेगडीवर चढलं आणि तासाभराने बघितलं तरी दाणा टणकच. मंद आचेवर ठेवली तरी ही छोटी शेगडी तासाला साठ-सत्तर ग्रॅम गॅस खाते. बाळासाठी तीनदा पाणी, दोनदा चहा, रात्रीचा भात अर्धा शिजलेला असताना ज्योत निळ्याची पिवळी झाली आणि विझली. घरात पोतंभर धान्य आणि पातेल्यात कच्चा भात.

याच कार्ट्रिजवर दोन दिवसांहून जास्त काढता आले असते. कडधान्य रात्रभर भिजवलं की शिजायला लागणारा वेळ खूप घटतो. डाळ, भात झाकण ठेवून उकळी आणायची, पाच-दहा मिनिटं उकळू द्यायचं आणि आच बंद करून पातेलं झाकणासकट जाड पांघरुणात गच्च गुंडाळून तासभर ठेवायचं. आतल्या उष्णतेवर ते शिजतं. यात दोन पथ्यं आहेत. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते नुसत्या कोमट उष्णतेने जात नाही, त्यामुळे भिजवलेलं पाणी फेकून देऊन राजमा आधी किमान दहा मिनिटं, शक्यतो अर्धा तास, खळखळून उकळलाच पाहिजे. आणि गुंडाळलेलं अन्न गरम असतानाच खायचं. ४ ते ६० अंशांच्या मधे तासन् तास राहिलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात.

आणि डबाबंद पदार्थ? त्यांना ना पाणी लागतं ना आग. ते या घराने 'शेवटी वापरू' म्हणून राखून ठेवले. पहिल्या दिवशी फ्रिजमधलं नासणारं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डब्यातलं आणि घरात पाण्याची सोय झाल्यावर धान्य, असा क्रम लावला असता तर शेगडी बाळासाठी आणि आजोबांसाठी उरली असती. डबा फुगलेला किंवा गळका असेल, उघडताना आतून फसफसून आलं, तर चव घेऊनही बघू नये. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष चवीला किंवा वासाला कळतंच असं नाही.

बंद बाल्कनीतला कोळसा

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरून कोळशाची शेगडी मिळाली. बाहेर पाऊस होता. बाबांनी ती काचा लावलेल्या बाल्कनीत पेटवायची ठरवली. "एक खिडकी किलकिली ठेवतो की," ते म्हणाले.

हा या चार दिवसांतला सगळ्यात घातक क्षण होता. तहानेने माणूस दगावायला दिवस लागतात, कार्बन मोनॉक्साइडने काही तासांत, कधी त्याहूनही लवकर. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि हे सगळं थकव्यानं होतंय असंच वाटतं. माणूस जरा पडतो आणि उठत नाही. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा लोकांनी घरात कोळसा पेटवला, जनरेटर आत आणले, बंद गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, आणि त्यात माणसं गेली. ती थंडीपासून वाचायचाच प्रयत्न करत होती, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. कोळसा, लाकूड, गॅसची सहलीची शेगडी, काहीही पेटवायचं तर उघड्यावर. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब, धूर दार-खिडक्यांपासून दुसऱ्या दिशेला. आपल्या प्रकरणात मुलीने शाळेत शिकलेलं आठवून हट्ट धरला, आणि पाऊस थांबल्यावर शेगडी गच्चीवर गेली. त्या दिवशी तीन घरांचं जेवण एकाच निखाऱ्यावर शिजलं. इंधनाच्या दृष्टीनेही तेच शहाणपणाचं: एकदा पेटवलेल्या निखाऱ्यावर तीन पातेली ओळीने होतात.

आजोबांची पेनं

वीज गेल्यावर बाबा दर तासाला फ्रिज उघडून आत अजून गार आहे का ते बघत होते. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. फ्रीजर भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४. प्रत्येक वेळी दार उघडलं की यातला काही वेळ कमी होतो.

पहाटे त्यांनी पेनं फ्रीजरमध्ये बर्फाला लागून ठेवली. हेतू चांगला होता, पण गोठलेलं इन्सुलिन कामाचं राहत नाही. ते वितळल्यावर अगदी नीट दिसलं तरी टाकूनच द्यायचं असतं. दोन पेनं अशी गेली. आजोबांचं वापरातलं पेन मात्र टेबलाच्या खणात होतं आणि ते उत्तम होतं. बहुतेक इन्सुलिनचं वापरातलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं; नेमकी मुदत त्या त्या पेनाच्या माहितीपत्रकात असते आणि ती आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. मेदसाँ साँ फ्रोंतिएर या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत दिसणाऱ्या २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासलं, तेव्हा त्याचा प्रभाव टिकून होता. फ्रिज बंद पडला की औषध लगेच फुकट गेलं, असं समजून ते फेकून देणं त्यामुळेच चुकीचं. पाणी शिंपडलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीत, हवेशीर जागी ठेवलं तर बाहेरच्यापेक्षा काही अंश गार राहतं. भांडं ओलं, औषध मात्र कोरड्या पिशवीत.

पण आजोबांना खरा धोका उष्णतेचा किंवा फ्रिजचा नव्हताच. दुसऱ्या रात्री भात कच्चा राहिला. सुनेने विचारलं, "बाबा, जेवलात का नीट?" ते म्हणाले, "भूकच नाही गं." इन्सुलिन मात्र नेहमीचं घेऊन झालं होतं. मध्यरात्री त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. साखर उतरली होती. तीन-चार चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून दिल्यावर पंधरा मिनिटांत ते सावरले. अन्न कमी पडलं तर डोस किती आणि कसा बदलायचा, हे संकटात घरच्यांनी अंदाजाने ठरवायचं नसतं. ते आपल्या डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून घ्यायचं, आणि तो कागद, ग्लुकोमीटर, जादा पट्ट्या, त्याची बॅटरी आणि साखर एकाच डब्यात ठेवायची. त्या रात्री पट्ट्या होत्या, पण टॉर्चच्या उजेडात त्या शोधायला दहा मिनिटं लागली.

बाळ

दूध पावडर निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनानुसार ती किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायची, मग गार करून पाजायची, आणि बाहेर ठेवलेलं दूध दोन तासांनी फेकून द्यायचं. थोडक्यात, बाळाच्या प्रत्येक पाजण्याला थोडं इंधन लागणार. थर्मास असता तर सकाळी एकदा उकळून भागलं असतं, निदान पुढच्या काही तासांपुरतं. या घरात थर्मास नव्हता.

बाटली आणि तिचं बूच धुवायला जितकं पाणी जातं तितक्यात आई दिवसभर पिऊ शकते. अशा वेळी उघडा, रुंद तोंडाचा छोटा पेला बरा, तो कमी पाण्यात स्वच्छ होतो. ही आई अजून अंगावर पाजत होती, त्यामुळे तिला पाणी आणि जेवण आधी देणं हीच बाळाची सगळ्यात चांगली सोय होती. घरातल्या सगळ्यांनी हे समजून घ्यायला हवं, कारण अशा वेळी आई बहुधा शेवटी जेवते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, कितीही रडलं तरी. त्यात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात.

जुलाब लागले तर? स्वच्छ पाणी लिटरभर, साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ सपाट अर्धा चमचा. मीठ जास्त झालं तर ते घातक ठरतं, म्हणून अंदाजाने घालू नये. तयार पाकिटं घरात ठेवणं याहून उत्तम.

संडास, उजेड, फोन

पाणी नसलेल्या घरात दुसऱ्या दिवसापासून दुर्गंधी आणि माश्या सुरू होतात, आणि आजार तिथूनच येतात. कमोडच्या भांड्यात जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक बसवायच्या, वापरानंतर भुसा, राख किंवा फाडलेली वर्तमानपत्रं टाकायची, पिशवी घट्ट बांधून झाकणाच्या बादलीत ठेवायची. हात धुवायला झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली उलटी टांगली तर थोड्याच पाण्यात सगळ्यांचे हात साबणाने धुऊन होतात. हे लिहायला कुणाला संकोच वाटतो म्हणून याद्यांतून ते गाळलं जातं. ते गाळू नये.

मेणबत्त्या या घरात लावल्या गेल्या आणि एकदा पडदा थोडक्यात बचावला. रांगतं बाळ असलेल्या घरात मेणबत्ती नकोच. डोक्याला बांधायचा एलईडी टॉर्च हात मोकळे ठेवतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास ऊर्जा असते. वाया जाणारी धरता साध्या स्मार्टफोनचं दीड चार्जिंग. ते मुलीच्या फोनवर पहिल्याच दिवशी संपलं. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ आठवडाभर चालतो. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालभर वीज गेली तेव्हा मोबाइलचं जाळं कोलमडलं, कार्डं चालेनात, आणि लोक बातमीसाठी रस्त्यात रेडिओभोवती गोळा झाले. रोख पैसे, तेही सुट्या नोटांत, साठ्यात असावेत ते यासाठीच.

पुन्हा मांडलेला साठा

चौथ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला. आता हेच घर नव्याने मांडून बघू.

कपाटातल्या एकेका वस्तूला विचारायचं: तुला वापरायला पाणी लागतं का, आग लागते का, थंडावा लागतो का, वीज लागते का? ज्यांना काहीच लागत नाही त्या वस्तू निम्म्या तरी हव्यात. पहिले तीन दिवस या घराने त्यांच्यावरच काढायला हवेत: डबाबंद, सुकं, भाजलेलं, दाणे, सुकामेवा, आजोबांना चालतील असे पदार्थ वेगळे. पोतं २५ किलोचं असायची गरज नाही. मोठं पोतं भिंतीला टेकून जमिनीवर ठेवलं की ओल धरतं, मग जाळी, मग टोके. ते छोट्या हवाबंद डब्यांत वाटून, फळीवर, रोजच्या वापरातूनच फिरतं ठेवावं. पुढून घ्यायचं, मागे नवं ठेवायचं. जपानमध्ये सरकारच लोकांना हा फिरता साठा ठेवायला सांगतं. वेगळं 'आपत्तीचं अन्न' घेतलं की ते विसरलं जातं आणि गरज पडेपर्यंत मुदत उलटते. कोंड्यासकट असलेल्या तांदळात तेल असतं, तो काही महिन्यांत खवट होतो. पॉलिश केलेला कोरड्या, बंद डब्यात वर्षानुवर्षं राहतो.

पाणी: पाच माणसं, चार लिटर, तीन दिवस म्हणजे ६० लिटर. युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये घरांना किमान ७२ तासांची तयारी सुचवली, त्याचा अर्थ या घरापुरता हे ६० लिटर. स्वीडन आपल्या नागरिकांना आठवडाभर स्वतःच्या बळावर राहायला सांगतं. तेवढं करायचं तर १४० लिटर, आणि १४० लिटर म्हणजे १४० किलो वजन. एका कोपऱ्यात रचू नये. दहा लिटरचे कॅन बरे, ते आजोबा सोडून कुणालाही उचलता येतात. दुधाच्या रिकाम्या बाटल्या नकोत, कितीही धुतल्या तरी त्यात अंश उरतो. आपण नळाचं पाणी भरलं असेल तर सहा महिन्यांनी बदलायचं.

इंधन: काटकसरीने दिवसाला शंभर ग्रॅम धरले तर आठवड्याला साधारण तीन कार्ट्रिज, उन्हापासून आणि ज्योतीपासून लांब, आणि इमारतीच्या नियमांत बसतील तेवढीच. एक थर्मास. घरात ज्वलनाचं काहीही वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा बॅटरीवरचा अलार्म.

मग एका सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करून दुसऱ्या दुपारपर्यंत घर चालवून बघायचं. फ्रिजमधलं औषध आधी शेजारी ठेवायचं, बाळाचं काही अडू द्यायचं नाही, बाकी खरंच बंद. कॅनचं झाकण कुणाला उघडता येतं, टॉर्च कुठे असतो, काडेपेटी कुणाला सापडत नाही, हे अठरा तासांत कळतं.

एक प्रश्न या मांडणीतही सुटत नाही. लिफ्ट बंद आहे, आजोबांना चार मजले उतरता येत नाहीत, आणि साखर उतरण्याची ती रात्र पुन्हा आली तर त्यांना खाली कोण नेणार? जपानमधल्या १९९५च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. यंत्रणा पोचायच्या आधी. या घराने आता वरच्या मजल्यावरच्या दोघांशी बोलून ठेवलं आहे. एक मजबूत खुर्ची, चार जण, जिन्यात कुठे थांबायचं. ती खुर्ची साठ्याच्या यादीत लिहिली आहे, पाण्याच्या खालच्या ओळीत.